काढणे, जपणे, छापणे : कॉलेजच्या बास्केटबॉल सामन्याचा फोटोग्राफर

माझे गाव साखरा, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली. गावात खेळ म्हणजे कबड्डी, खो-खो आणि शाळेच्या मैदानात दोन बांबूंना जाळी बांधून चालणारा व्हॉलीबॉल. बास्केटबॉलचा खांब मी पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजात गेल्यावर. सिमेंटचे कोर्ट, दोन्ही टोकांना लोखंडी खांब, त्यावर पांढरा रंग उडालेली फळी आणि जाळी नसलेली कडी. त्या कोर्टावर मी एकही सामना खेळलो नाही. पण २०११ च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या सुट्टीच्या आधी, तिथे झालेल्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांचे फोटो काढायचे काम माझ्याकडे आले. कारण साधे होते. मी लग्नसराईत सेनगावच्या एका स्टुडिओत मदतनीस म्हणून जात असे, आणि स्टुडिओच्या मालकांनी त्यांचा डिजिटल कॅमेरा दोन दिवसांसाठी माझ्या हवाली करायचे कबूल केले होते.

त्या दोन दिवसांत मी एक चूक केली. ती कॅमेऱ्याची नव्हती, समजुतीची होती. ती चूक नीट कळायला मला पुढे बरीच वर्षे लागली. मधल्या काळात मी खेळाच्या छायाचित्रणाविषयी जमेल तेवढे वाचले, जुने दाखले पाहिले आणि मुलांना कॅमेरा शिकवताना स्वतःही शिकत गेलो. त्या सगळ्याचा हा हिशेब आहे.

खेळ आधी, फोटो नंतर

बास्केटबॉलचा जन्म कॉलेजातलाच. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात बंद सभागृहात खेळता येईल असा खेळ म्हणून तो रचला. तेरा नियम लिहिले, गॅलरीच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि वर्गातल्या अठरा विद्यार्थ्यांचे नऊ-नऊचे दोन संघ केले. त्या पहिल्या सामन्यात एकच गोल झाला आणि तो विल्यम चेस नावाच्या विद्यार्थ्याने केला, हे आजही ठाऊक आहे. पहिल्या संघाचा नेस्मिथसह काढलेला एक समूह फोटोही आहे. त्यात सगळे स्तब्ध आहेत. खेळतानाचे चित्र त्या काळी त्या सभागृहात मिळणे अवघडच होते. काचेच्या प्लेटा, मंद उजेड आणि धावणारी माणसे यांचे जमत नसे. तो सामना आपल्यापर्यंत पोचला तो नावे लिहून ठेवल्यामुळे.

आपल्याकडचा दाखला तर याहून बोलका आहे. मुंबईत फोटो स्टुडिओ चालवणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, यांनी ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे पाहिली. मग त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये त्यांनी एका कुस्तीचे चित्रण केले. भारतीय माणसाने केलेल्या चित्रपटांच्या आरंभी या कुस्तीचे नाव घेतले जाते. म्हणजे आपल्या चलत्-चित्रांची सुरुवातच एका खेळाच्या सामन्याने झाली, आणि कॅमेऱ्यामागे मराठी फोटोग्राफर होता. पुढे १९०१ मध्ये केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर र. पु. परांजपे यांच्या आगमनाचे चित्रणही त्यांनीच केले. ती कुस्ती आज आपल्याला पाहायला मिळत नाही. पण पुंडलीक दादा आणि कृष्णा न्हावी ही दोन्ही पैलवानांची नावे मात्र राहिली.

चित्र राहीलच याची खात्री नसते, आणि नाव नोंदले नाही तर राहिलेले चित्रही मुके होते. हे मला त्या दोन दिवसांत ठाऊक असते तर बरे झाले असते.

उडी आणि शटर

लग्नाच्या फोटोची सवय असलेला माणूस खेळाच्या मैदानावर पहिली गोष्ट करतो ती म्हणजे फ्लॅश लावतो. मीही लावला. शॉट मारणाऱ्या खेळाडूच्या डोळ्यांवर उजेड पडला आणि पंचांनी खेळ थांबवून मला समज दिली, ती योग्यच होती. फ्लॅश तसाही तिथे फारसा उपयोगाचा नसतो. अंतर तिप्पट झाले की उजेड एक नवमांश उरतो. वरमाला घालणारे जोडपे तीन मीटरवर उभे असते, बास्केटबॉलचा खेळाडू नऊ मीटरवर पळत असतो.

मग उरतो तो मैदानावरचा उजेड आणि शटरचा वेग. शटर म्हणजे सेन्सरसमोरचा पडदा. तो जितका वेळ उघडा राहील तितक्या वेळात जे हलेल ते पुसट होईल. शॉट मारलेला चेंडू साधारण सेकंदाला आठ मीटर वेगाने जातो असे धरू. शटर एक साठांश सेकंद उघडे राहिले तर तेवढ्यात चेंडू तेरा सेंटिमीटर सरकतो, म्हणजे स्वतःच्या जाडीच्या निम्म्याहून अधिक. एक पाचशेअंशाला तो दीड-पावणेदोन सेंटिमीटर सरकतो आणि एक हजारांशाला आठ मिलिमीटर. म्हणून खेळासाठी किमान एक पाचशेअंश हवा असे सांगतात.

पण साठांशावरून पाचशेअंशावर गेलो की आत येणारा उजेड सुमारे एक अष्टमांश होतो. आमचे सामने दुपारी उशिरा सुरू होत आणि ऑक्टोबरात सहाच्या सुमारास अंधारून येते. कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या साध्या लेन्सचे तोंड झूम केल्यावर ५.६ इतकेच उघडते. त्याऐवजी ५० मिलिमीटरची १.८ ची लेन्स लावली तर जवळपास दहापट उजेड आत येतो. खेळाच्या फोटोसाठी पैसे जमवणाऱ्या विद्यार्थ्याने मोठ्या झूमच्या आधी ही छोटी लेन्स घ्यावी, असे मी आता मुलांना सांगतो. ती नसेल तर आयएसओ वाढवावा. दाणेदार फोटोत माणूस ओळखू येतो, पुसट फोटोत येत नाही.

दिवे लागल्यावर आणखी एक अडचण येते. आपल्याकडच्या विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तने करतो, त्यामुळे ट्यूबलाइट आणि जुन्या पद्धतीचे मर्क्युरीचे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही. पाचशेअंशाच्या शटरला मात्र त्या एका लहरीचा पाचवा हिस्साच सापडतो. म्हणून लागोपाठ काढलेल्या तीन फोटोंत एक उजळ, एक काळवंडलेला आणि एक पिवळट येतो. कॅमेरा बिघडला असे वाटून मी त्या संध्याकाळी दोनदा बॅटरी काढून घातली होती. उपाय एवढाच की एकावर विसंबू नये, प्रत्येक प्रसंगाचे चार-पाच फोटो घ्यावेत.

उजेड कमी असला तरी खेळातच एक सोय आहे. समजा खेळाडू साठ सेंटिमीटर उंच उडाला. तो हवेत सुमारे ०.७ सेकंद असतो. त्यातला जवळपास अर्धा सेकंद तो उडीच्या वरच्या निम्म्या उंचीत असतो, कारण वर जाताना वेग कमी होत होत टोकाला शून्य होतो आणि मग हळूहळू वाढतो. खेळाडू हवेत लटकल्यासारखा दिसतो तो यामुळे. त्या टोकाच्या क्षणी कमी वेगाचे शटरही त्याला स्वच्छ पकडते. हात आणि चेंडू हलतात, चेहरा स्थिर राहतो. घोड्याचे चारही पाय धावताना एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का, हा वाद एडवर्ड मायब्रिजने १८७८ मध्ये ओळीने लावलेल्या बारा कॅमेऱ्यांनी मिटवला. बास्केटबॉलमध्ये बारा कॅमेरे नसतात, म्हणून अंदाज लागतो. बोट दाबणे आणि फोटो उमटणे यांत थोडा वेळ जातोच. उडी दिसल्यावर दाबले तर खेळाडू खाली आलेला असतो. त्याचे गुडघे वाकले की दाबायची तयारी हवी.

बसायचे कुठे, पाहायचे काय

कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. कडी जमिनीपासून ३.०५ मीटरवर. रेषेबाहेर दोन मीटर जागा मोकळी हवी असा नियम आहे, तो खेळाडूंच्या हाडांसाठी आहे. बास्केटच्या थेट खाली बसणारा फोटोग्राफर स्वतःला आणि खेळाडूला दोघांनाही दुखापत करतो. टोकाच्या रेषेमागे, कोपऱ्याकडे सरकून, मांडी घालून बसावे. खालून पाहिले की मागे मंडप, मोटारसायकली आणि खुर्च्या कमी येतात, आकाश जास्त येते. उजव्या हाताने शॉट मारणाऱ्याचा चेहरा त्याच्या डाव्या बाजूने मोकळा मिळतो.

चेंडूमागे कॅमेरा फिरवत राहिलो तर बराचसा खेळ हातातून जातो. चेंडू नसलेले नऊ खेळाडू काय करतात, बाकावरचे सात काय करतात, प्रशिक्षक केव्हा उठतो, हेही सामन्यातच येते. दहा-दहा मिनिटांचे चार भाग असतात. मी पुढे माझ्यासाठी नियम केला : पहिला भाग एका कोपऱ्यातून, दुसरा समोरच्या, तिसरा बाकाकडे तोंड करून, चौथा जिथे सामना अडला असेल तिथे.

आणि सगळ्यांत आधी नावे. सामना सुरू होण्यापूर्वी गुणलेखकाच्या टेबलावर जाऊन स्कोअरशीटचा फोटो काढावा. त्यात बाराही खेळाडूंची नावे आणि जर्सीचे क्रमांक असतात. आमच्या वेळी क्रमांक ४ ते १५ असत, कारण एक, दोन, तीन या बोटांच्या खुणा पंचांना गुणांसाठी आणि तीन सेकंदांच्या नियमासाठी लागत. मग दोन्ही संघ रांगेत उभे असताना एकेक चेहरा क्रमांकासह टिपावा. पाच मिनिटांचे काम आहे. ते मी २०११ मध्ये केले नाही.

सर्वांत सोपा फोटो

मुलींचा सामना दुसऱ्या दिवशी होता. आमच्या संघात साखऱ्याचीच एक मुलगी होती, माझ्यापेक्षा एक वर्ष मागे. आम्ही एकाच एसटीने येत-जात असू. तिचे नाव इथे देत नाही. सकाळी सेनगावच्या स्टँडवर ती मला म्हणाली, "दादा, माझा फोटो पेपरात नको बरं का. गावात कुणी दाखवला तर बाबा उद्यापासून येऊ देणार नाहीत." मी म्हणालो, "काळजी करू नको."

तिची भीती खोटी नव्हती. ट्रॅक पँट घालून खेळणाऱ्या मुली आमच्या भागात तेव्हा कमी होत्या. खेळायची परवानगी घरातून तुकड्या-तुकड्याने मिळालेली असे : आधी सरावाला, मग गावातच सामन्याला, मग बाहेरगावी. एक फोटो भलत्या हातात गेला की सगळे तुकडे एकदम परत जात. मैदानावर कॅमेरा घेऊन बसलेल्या मुलाच्या हातात किती ताकद असते, हे त्याला स्वतःला ठाऊक नसते.

ती चौथ्या भागात आत आली. क्रमांक ११. थोड्या वेळाने तिच्यावर फाउल झाला आणि तिला दोन फ्री थ्रो मिळाले. फोटोग्राफरच्या दृष्टीने फ्री थ्रो हा सामन्यातला सर्वांत सोपा फोटो. फळीपासून ४.६० मीटरवर रेषा, खेळाडू एकटा उभा, बाकीचे बाजूला थांबलेले, आणि चेंडू हातात आल्यावर पाच सेकंद. चेहरा स्थिर, नजर कडीवर. उजेड कमी असला तरी चालतो. मी कॅमेरा मांडीवर ठेवला आणि तिचे दोन्ही शॉट नुसत्या डोळ्यांनी पाहिले. पहिला चुकला, दुसरा आत गेला. मला तेव्हा आपण शब्द पाळला असे वाटले होते.

उरलेले फोटो तरी राहावेत, तर तेही राहिले नाहीत. कार्ड स्टुडिओचे होते. वार्षिकांकासाठी दोन-तीन फोटो काढून दिले आणि पुढच्या लग्नाआधी मीच कार्ड रिकामे केले. वार्षिकांकात त्यातला एक छापला गेला. खाली मी दिलेली ओळ होती : आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतील एक क्षण. कोणाचा क्षण, ते लिहिले नव्हते. फोटोच्या काठावर बाकावर बसलेल्या मुलींचे गुडघे दिसतात. त्यातले कोणते तिचे, हे सांगता येत नाही.

नाव कोणाचे

होमाई व्यारावाला यांची गोष्ट मी नंतर वाचली. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्या ओळखल्या जातात. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाईंना पहिले काम मिळाले ते कॉलेजात असतानाच. एका सहलीचे फोटो काढायचे होते, आणि ते वर्तमानपत्रात छापून आले. पण सुरुवातीच्या काळात त्यांचे फोटो पती माणेकशा यांच्या नावाने छापले जात, कारण अनोळखी बाईच्या नावाला वजन नव्हते. पुढे २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

ही गोष्ट वाचताना मला माझी फोटोखालची ओळ आठवली. होमाईंच्या बाबतीत काढणाऱ्याचे नाव गेले होते, माझ्या बाबतीत काढलेल्यांचे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते टिपणारा. त्याला कायद्याचा आधार आहे. ज्या दहा-बारा मुलींनी ऑक्टोबरच्या उन्हात सिमेंटवर चाळीस मिनिटे धाव घेतली, त्यांच्या नावासाठी आधार असतो तो फोटोखाली ओळ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या काळजीचा. मोठ्या सामन्यांना वार्ताहर येतात. भारताच्या महिला संघाची कर्णधार झालेल्या पुण्याच्या शिरीन लिमयेचे फोटो शोधले तर सापडतात. कॉलेजच्या कोर्टावर एकच कॅमेरा असतो. तो खाली ठेवला की त्या बाजूची नोंद संपते.

एक फोन

काही वर्षांपूर्वी तिचा फोन आला. ती आता लग्नानंतर शेजारच्या वाशीम जिल्ह्यात असते. मुलगी शाळेच्या बास्केटबॉल संघात निवडली गेली होती. "मी पण खेळायचे म्हटलं तर तिला खरंच वाटत नाही," ती हसत म्हणाली. "दादा, त्या दिवसाचा माझा एखादा फोटो असेल का तुझ्याकडे?"

मी म्हणालो, "तूच नको म्हणाली होतीस ना."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पेपरात नको म्हटलं होतं. काढू नको कुठं म्हटलं होतं?"

मला उत्तर सुचले नाही. तिने एका गोष्टीला नकार दिला होता आणि मी तिन्ही गोष्टी नाकारल्या होत्या. फोटो काढणे हे एक काम, तो जपून ठेवणे हे दुसरे, आणि छापणे किंवा पाठवणे हे तिसरे. तिन्हींची परवानगी वेगळी, वेळ वेगळी. छापायचे की नाही हे आज ठरवता येते, उद्या बदलता येते, दहा वर्षांनीही बदलता येते. काढायचे की नाही हे मात्र पाच सेकंदांत ठरते आणि नंतर बदलत नाही. तिला विचारायला मला एसटीचा संपूर्ण प्रवास मिळाला होता : "काढून फक्त तुला देऊ का?" हा प्रश्न मला सुचला नाही, कारण माझ्या डोक्यात फोटो म्हणजे छापलेला फोटो एवढेच होते.

आज मोबाइलमुळे काढणे आणि पाठवणे एका बोटाच्या अंतरावर आले आहे. कोणी काढलेला फोटो चहा थंड व्हायच्या आत गावाच्या ग्रुपवर असतो. त्यामुळे हा फरक पूर्वीपेक्षा अधिक सांभाळावा लागतो. मी मुलांना आता तीन पाकिटे करायला सांगतो. पहिल्यात सगळे फोटो, एकही न पुसता, दोन ठिकाणी ठेवलेले, सोबत स्कोअरशीट. दुसऱ्यात प्रत्येक खेळाडूचे तिचे-तिचे फोटो, फक्त तिला द्यायचे. तिसऱ्यात छापायचे, ज्यांनी होकार दिला त्यांचेच, प्रत्येकाखाली नावांसह. जिने कसलाच फोटो नको असे स्पष्ट सांगितले, तिचा काढायचाही नाही. पण तिला नेमके काय नको, हे विचारून घ्यायचे.

फोननंतर मी कॉलेजात गेलो. क्रीडा विभागातल्या सरांनी लोखंडी कपाट उघडून दिले. स्पर्धेच्या फायली वर्षानुसार बांधलेल्या होत्या. दुसऱ्या गठ्ठ्यात त्या सामन्याच्या स्कोअरशीटची कार्बन प्रत निघाली, शाई फिकट झालेली. संघाच्या यादीत तिचे नाव होते, समोर ११. धावत्या गुणांच्या रकान्यात मैदानी गोलासाठी तिरकी रेघ मारतात आणि यशस्वी फ्री थ्रोसाठी ठिपका भरतात. शेवटच्या भागात एका ठिपक्याशेजारी ११ लिहिलेले होते.

खिडकीजवळ नेऊन मी त्या कागदाचा फोटो काढला आणि तिला पाठवला. खाली तारीख, संघ, तिचे नाव लिहिले आणि विचारले, "हा लेखात छापू का?" तिचे उत्तर आले, "कागदाचा नको, सगळ्यांची नावं आहेत त्यात. त्यांना विचारलंस का?"

म्हणून तो इथे छापलेला नाही.